उंबऱ्यावरची शिकवणी

तुरीच्या शेंगांची पाटी मांडीवरून खाली ठेवून तानुबाईंनी मान स्वयंपाकघराकडे वळवली.

“ब्रिंग. त्यानं दुसरं काय, इचारतस.”

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. हलक्या आवाजात काहीतरी बोललं गेलं. तानुबाईंनी मान परत ओसरीकडे आणली.

“ब्रॉट, म्हनस.”

“अन् तिसरं?”

मान पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

“तिसरं बी तेच, म्हनस.”

ओसरीवरच्या खाटेवर बसलेल्या पंडितसरांनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं. कालचीही बरोबर होती आणि परवाचीही. रोज संध्याकाळी, भाकरी होईपर्यंत, इंग्रजी क्रियापदांची आणि मधूनमधून नात्यांच्या शब्दांची ही ने-आण चाले. सर ओसरीवर, सून दिपमाला आत शेगडीशी, आणि उंबऱ्यावर दोघांच्या मधे तानुबाई.

धरणगावच्या अलीकडच्या त्या गावात सून सासऱ्याशी बोलत नाही. तो रुसवा नसतो आणि शिक्षाही नसते. उजव्या हातानं जेवावं तसं ते असतं. सरांना चहा हवा असला तर ते तानुबाईंना सांगत, तानुबाई आत सांगत, आणि चहा येई. दोन वर्षांत दिपमालाची पावलं सरांना ओळखू येऊ लागली होती. तांब्या ठेवताना तो वाजू न देण्याची तिची सवय त्यांना ठाऊक होती. आवाज मात्र कधी त्यांच्याशी बोलला नव्हता.

सर नोकरीभर तालुक्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत आले. निवृत्त होऊनही बाजारात कोणी ना कोणी वाकून नमस्कार करी आणि ‘गो-वेंट-गॉन’ म्हणून दाखवी. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट सांगत : वाक्यात बाकीचे सगळे पाहुणे, क्रियापद घरचं. कर्तासुद्धा गैरहजर राहिला तर चालतं. ‘सिट’ म्हटलं की पुरं वाक्य झालं. क्रियापद नसेल तर मात्र कितीही शब्द जमवा, वाक्य उभं राहत नाही.

हे त्यांनी शिकवणीच्या पहिल्या संध्याकाळी दिपमालासाठीही सांगितलं होतं. तानुबाईंनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि आत पोचवलं.

“म्हनतस, कोनी बोलो नाहीतं ना बोलो, काम व्हवाले पाहिजे.”

आत पदरात दाबलेलं हसू फुटलं होतं. सरांनी दुरुस्ती केली नाही.

शिकवणीचं कारण प्रेमराज. सरांचा हा एकुलता मुलगा जळगावला पाइपांच्या कारखान्यात होता. आठवडाभर तिकडेच खोलीवर राही आणि सुटीच्या दिवशी घरी येई. लग्न ठरल्यामुळे दिपमालाची बारावी माहेरी चोपड्याला अर्धवट राहिली होती. प्रेमराजनं गेल्या वर्षी तिला बाहेरून परीक्षेला बसवलं. सगळे विषय सुटले आणि इंग्रजी राहिलं. लेखीत थोडे गुण कमी पडले होते; ते तोंडी परीक्षेनं सहज भरून निघाले असते. पण तोंडीत तिला जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं.

सरांना ते पटेना. तोंडीत कोणी नापास होत नाही. नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, तरी परीक्षक गुण देतात. तिला विचार काय झालं, असं त्यांनी तानुबाईंना सांगितलं. उत्तर यायला त्या दिवशी नेहमीपेक्षा वेळ लागला.

“परीक्षा घेनारा सर म्हातारा व्हता, म्हनस. पांढरा केस. तुमनासारखाच. त्यास्नी इचारं, अन् हिनी मान खाले गई. मंग वर उनीच नही.”

यावर्षी ती पुन्हा बसणार होती. गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविका ताईबाई उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. ती जागा गावातल्याच बाईला मिळायची, पण बारावी पास हवी. दिपमाला आताच दुपारची तिथे जाऊन मुलांना सांभाळू लागे. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचे पक्षी कापून तिनं अंगणवाडीच्या भिंतीवर लावले होते, आणि ती दिसताच मुलं तिला बिलगत. यंदा इंग्रजी राहिलं तर जागा दुसऱ्या कोणाची होणार होती आणि ती दुसरी कोणी पुढची पंचवीस-तीस वर्षं तिथे बसणार होती. दिपमालानं याबद्दल कधी कोणाला काही म्हटलं नाही. फक्त भाकरी थापताना तिचं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं असे.

एका संध्याकाळी सर गच्चीवर वाळत घातलेली मिरची झाकायला निघाले आणि जिन्यातच थांबले. वर दिपमाला फोनवर बोलत होती. पलीकडे प्रेमराज असावा. ती इंग्रजीत बोलत होती. “आय वेंट टू द अंगणवाडी. द चिल्ड्रन केम. वुई सँग.” मग हसून, “यू फरगॉट, आय डिडन्ट.”

सगळी क्रियापदं जागच्या जागी होती. काळ चुकत नव्हता. वर्गात वर्षानुवर्षं ‘डिडन्ट वेंट’ खोडत आलेल्या माणसाला त्या वाक्यांत खोडण्यासारखं काही सापडलं नाही. आणखी एखादं वाक्य ऐकावं असं त्यांना वाटलं. पण ते तसेच उलटे उतरले आणि मिरची झाकायला तानुबाईंना वर पाठवलं.

जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला. तिला सगळं येतं, ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसासमोर तोंड उघडायची सवय तेवढी नाही. ती सवय मलाच लावता येईल. तिनं मला थेट उत्तर दिलं तर चालेल का?

तानुबाई ताटं गोळा करत होत्या. त्यांनी ती पुन्हा खाली ठेवली.

“मन्हा सासरानी मन्हा आवाज ऐका नही,” त्या म्हणाल्या. “शेवटला दिन त्यासले पानी मीच दिधं. तव्हय बी मी बोलनू नही.”

हे त्या अभिमानानं सांगत होत्या की कसं, ते सरांना कळलं नाही. त्या दिवसाचं पाणी त्यांना आठवत होतं. वडिलांनी पेला हातात घेऊन सुनेकडे पाहिलं होतं आणि काहीतरी ऐकायला थांबल्यासारखे थांबले होते. तेव्हा सर उशाशी बसले होते.

तानुबाई पुढे म्हणाल्या की घरात कोणी पाहत नाही असं समजू नका, बेबाबाईचे कान भिंतीला लागलेले असतात. ते खरं होतं. बेबाबाई ही भिंतीपलीकडची शेजारीण, गावचीच लेक. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, त्यामुळे तिला कोणासमोर पदर घ्यावा लागत नसे आणि कोणालाही काही विचारायला ती मोकळी होती. मास्तरांच्या घरी आता सून सासऱ्याला हाक मारून उठवते, एवढं एक वाक्य तिच्या तोंडून चावडीपर्यंत जायला अर्धा दिवस पुरला असता.

सरांनी दुसरा मार्ग काढला. लीलाधरसर हे त्यांचे हायस्कुलातले जुने सोबती, कित्येक वर्षं तोंडी परीक्षा घेतलेले. त्यांना बोलावून सराव परीक्षा घ्यायची ठरली. ते स्कूटरवरून आले, भरिताची चौकशी केली आणि ओसरीवर खुर्चीत बसले. दिपमाला चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली. पदर कपाळाखाली होता.

“कम, कम,” लीलाधरसर म्हणाले. “व्हॉट डू यू डू इन द मॉर्निंग?”

ती उभी राहिली. लीलाधरसरांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग आणखी सोपा करून विचारला. कपबशा किणकिणू लागल्या, तशा तानुबाई उठल्या आणि त्यांनी तिच्या हातून ट्रे काढून घेतला. दिपमाला आत गेली.

“पंडित, तुझी सून माझ्या बायकोहून बरी,” लीलाधरसर म्हणाले. “उलटून एक शब्द बोलत नाही.”

कोणी हसलं नाही. तेव्हा त्यांनी बशीत ओतलेला चहा घाईनं संपवला, अजून आठवडा आहे, होईल सगळं, असं काहीतरी म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

त्या संध्याकाळी क्रियापदं आतबाहेर गेली नाहीत. भाकऱ्या झाल्या. ठेचा वाढला गेला. तानुबाई जेवायला बसल्या, पण त्यांचा हात ताटात तसाच राहिला.

“ती मुकी नव्हती उभी,” त्या सरांना म्हणाल्या. “पदरना आत ओठ हालाडी राहिंती. बठ्ठं उत्तर सांगी राहिंती ती. माले दिसनं. मी बाजूले व्हतू म्हनीसन दिसनं.”

सरांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“आवाज निंघत नव्हता,” तानुबाई म्हणाल्या. “एवढंच.”

सकाळी तानुबाईंचे कान दुखू लागले.

लसणाचं तेल कोमट करून त्यात भिजवलेले कापसाचे बोळे त्यांनी दोन्ही कानांत घातले, वरून मफलर बांधला आणि अंगणात जाऊन भिंतीवरून बेबाबाईला मोठ्यानं सांगितलं की थंडी बाधली, दोन्ही कान बसी ग्यात, आते काही ऐकू येत नही. बेबाबाईनं वावडिंगाची धुरी घ्यायला सांगितली. तानुबाईंनी “काय?” असं तीनदा विचारलं. तेव्हा बेबाबाईनं ती हातवारे करून सांगितली.

सर घाबरले. धरणगावला डॉक्टरकडे जाऊ, म्हणाले. मग जवळ जाऊन, ओरडून तेच म्हणाले. तानुबाईंनी हात हलवला.

“आधी तिनी परीक्षा व्हवू द्या.”

संध्याकाळी त्या नेहमीच्या जागी शेंगांची पाटी घेऊन बसल्या, पण या वेळी उंबऱ्याच्या एका अंगाला सरकून, तोंड भिंतीकडे करून. सरांनी सवयीनं विचारलं, “तिले इचार, टीचचं दुसरं काय?” तानुबाई शेंगा सोलत राहिल्या. सरांनी आवाज चढवला.

“काय? टीव्ही लावू?”

“टीच! टीच!”

“माले काही ऐकू येत नही. तुमनं तुमी देखा,” असं म्हणून त्यांनी दोघांकडे पाठ केली.

ओसरीत शेंगा फुटण्याचा तेवढा आवाज राहिला. सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा लावला. समोर खांब होता. त्या खांबाकडे पाहत ते म्हणाले,

“व्हॉट डू यू डू इन द मॉर्निंग?”

आत थापण्याचा आवाज थांबला. भाकरी तव्यावर असावी, कारण थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. सरांनी खांबावरची नजर काढली नाही.

“आय गेट अप.”

आवाज त्यांना वाटला होता त्याहून जाड होता आणि जरा बसका. इतक्या जवळून तो कधी आला नव्हता.

“देन?”

“देन आय स्वीप.” मधे श्वास गेला. “देन आय मेक टी. फॉर ऑल.”

बरोबर उत्तर आलं की ‘व्हेरी गुड’ म्हणायची त्यांची सवय होती. तालुक्यातल्या सगळ्या मुलांना ते म्हणून झालं होतं. आत्ता ते पुरेसं वाटलं नाही.

“यस,” ते म्हणाले. “यस.”

दुसऱ्या दिवशी ती शेगडी सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली, पदर तसाच, नजर फरशीवर. सर विचारत, ती सांगे. काल काय केलंस, उद्या काय करशील, आत्ता काय करते आहेस. ती सांगे की मी बसले आहे, आई शेंगा सोलत आहेत, म्हैस पाणी पीत आहे. हे सगळं इंग्रजीत चाले. भाकऱ्या झाल्या की शिकवणी संपे, आणि मग सरांना मीठ हवं असलं तरी ते तानुबाईंच्या कानाशी ओरडून मागत. मीठ मात्र तानुबाईंनी उठायच्या आधीच आतून येई.

सरांना तानुबाईंची काळजी लागून राहिली होती. त्यांनी प्रेमराजला फोन करून जळगावच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितली. एरवी तानुबाई म्हशीच्या रेकण्यावरून तिला तहान लागली की भूक, ते सांगत. आता म्हैस ओरडली तरी त्या जागच्या हलत नव्हत्या. म्हातारपण असंच येतं, एका सकाळी कापसाचा बोळा घालून, असं सरांच्या मनात येई आणि ते उठून तानुबाईंची शाल नीट करत.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शिकवणी लवकर सुरू झाली. त्या दिवशी पोळ्या होत्या; दिपमालानं कणीक आधीच भिजवून ठेवली होती. सरांनी खुर्ची ओढून उंबऱ्यासमोर आणली आणि परीक्षक बसतात तसे ताठ बसले. नाव, गाव, घरातली माणसं असे प्रश्न झाले. उत्तरं नीट येत होती, पण फरशीला दिली जात होती.

“लूक अॅट मी,” सर म्हणाले.

ती हलली नाही. सर थांबले. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही आणि घाईही केली नाही. लीलाधरसर जितका वेळ थांबले होते त्याच्या कितीतरी जास्त वेळ ते थांबले.

पदर कपाळावर सरकला आणि दिपमालानं वर पाहिलं. तिचे डोळे घारे होते. लग्नात सगळ्यांनी म्हटलं होतं खरं. सरांनी ते आज पाहिलं. त्यांनाच नजर खाली घ्यावीशी वाटली, पण परीक्षक नजर खाली घेत नाहीत.

“गुड. हू टॉट यू इंग्लिश?”

हा प्रश्न परीक्षक हटकून विचारतात. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं : कॉलेजचं नाव, सरांचं नाव. दिपमाला जरा थांबली. शब्द सापडत नव्हते म्हणून ती थांबली असं वाटलं नाही.

“माय मदर-इन-लॉ टॉट मी,” ती म्हणाली.

सरांच्या मनात पहिल्यांदा आलं की उत्तर दुरुस्त करावं; परीक्षक उलट विचारतील, घोटाळा होईल. त्यांनी बोट उचललंही. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या तानुबाईंकडे गेली.

शेंग अंगठा आणि बोटाच्या मधे धरलेली होती. फुटत नव्हती. मदर-इन-लॉ, टीच, टॉट हे शब्द महिनाभर तानुबाईंनी स्वतःच्या तोंडानं आतबाहेर नेले होते. त्यांची मान हलली नाही, पाठही हलली नाही. पण ती पाठ ऐकत होती. मफलरच्या खाली कानाची पाळी लाल झाली होती.

सरांनी उचललेलं बोट खाली घेतलं. टीव्ही, म्हैस, बेबाबाईला तीनदा विचारलेलं ‘काय’, सगळं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

“वहिनी,” भिंतीपलीकडून बेबाबाईचा आवाज आला. “वहिनी वं. कोन बोली राहिनं तुमना घर? बाईमानूसना आवाज शे.”

दिपमालाचा पदर झटकन खाली आला. तानुबाई भिंतीकडे पाहत बसून राहिल्या. आता ओ दिली तर आठवडाभराचं सगळं फुकट, आणि नाही दिली तर बेबाबाई अंगणातून फिरून थेट ओसरीवर येणार, हे त्या घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

सर उठले. ओसरी उतरून अंगणाच्या भिंतीपाशी गेले.

“तिले काय इचारस, बेबा? तिले ऐकू येत नही.”

“अजून नही का, पंडितभाऊ?”

“एक अक्षर बी नही.”

“अरे देवा. मंग घरमा काय चालस, काय नही, तिले काय समजस?”

पंडितसरांनी आयुष्यात कोणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. त्यावरून गावात त्यांच्याशी भांडणंही झाली होती. त्यांनी भिंतीवरचा वाळका वेल उगाच बोटानं बाजूला केला.

“काहीच समजत नही,” ते म्हणाले. “अन् आवाज म्हनशी तं सून एकलीच पाठ म्हनी राहिनी. परीक्षा शे ना उद्या.”

पलीकडे बेबाबाई चुकचुकली. परीक्षा घरात नेमकी कोण कोणाची घेत होतं ते तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. वहिनीला जपा, एवढं म्हणून तिची पावलं आत गेली.

सर परत आले. खुर्चीत बसले. उंबऱ्याच्या आत दिपमालानं पदर पुन्हा कपाळापर्यंत वर घेतला. भिंतीपाशी शेंग फुटली आणि दाणे पाटीत पडले. सरांनी घसा साफ केला आणि पुढचा प्रश्न जरा मोठ्यानं विचारला, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसालाही सोयीनं ऐकू जाईल असा.